दुसऱ्या व्हायोलिनची साक्ष

मी, सिपोरा श्रीराम बांदिवडेकर, माहेरची सिपोरा मोझेस आवासकर, वय वर्षे शहाऐंशी, जन्माने बेने इस्रायल ज्यू, भाषेने मराठी, नागरिकत्वाने सिंगापूरची, राहणार क्वीन्सटाउन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. तेवढा वेळ माझ्या माणसांकडे नाही. यापूर्वी मी केलेलं इंग्रजी मृत्युपत्र या लेखाने रद्द झालं असं समजावं.

मराठीत लिहिलेलं इथे चालतं, असं वकीलबाईंनी सांगितलं. कोर्टासाठी नंतर भाषांतर करून घ्यावं लागतं, एवढंच. माझा मुलगा सुबोध मराठी ऐकून समजतो, वाचू शकत नाही. शाळेत त्याची दुसरी भाषा मलय होती आणि घरी अक्षरं गिरवून घ्यायला मला सवड नव्हती, कारण त्या वेळात मी दुसऱ्यांच्या पोरांना व्हायोलिन शिकवत होते. हा माझा दोष आहे आणि पुढे मी त्याचा उपयोगही केला आहे.

१. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी वरच्या मजल्यावरच्या परेशला नेमते. तो पुण्याचा, कंप्युटरमधला, एम्प्लॉयमेंट पासवर इथे आलेला. मला काकू म्हणतो आणि माझ्या जिभेला घाबरत नाही. त्याने हे सगळं वाचलेलं आहे.

२. माझं दहन करावं. ज्यू माणसाला जाळत नाहीत हे मला माहीत आहे. पण श्रीरामला मंडाईच्या स्मशानात जाळलं तेव्हा मी त्याला शब्द दिला होता. श्रीराम म्हणजे माझा नवरा, बोटीवरचा इंजिनियर, मालवणचा. १९६२ साली मी त्याच्याशी लग्न केलं तेव्हा माझ्या वडिलांनी माझ्या नावाने सात दिवस सुतक पाळलं. त्यामुळे माझा शोक एकदा झालेला आहे. पुन्हा कोणी तसदी घेऊ नये.

३. सीपीएफमधली, म्हणजे इथल्या भविष्यनिर्वाह निधीतली, शिल्लक मृत्युपत्राने देता येत नाही, ती नॉमिनेशनप्रमाणे जाईल. माझ्या चार बांगड्या पुंगोलला राहणाऱ्या नातीला, गार्गीला द्याव्यात. खालच्या मजल्यावरच्या मिसेस लिम यांना माझी कढीपत्त्याची कुंडी द्यावी, तशीही त्या रोज न विचारता तोडतातच.

४. आता व्हायोलिन. ते माझं नाही. ते हाइनरिश लोवेन्थाल यांचं आहे. आम्ही त्यांना लोवेन मास्तर म्हणत असू.

लोवेन मास्तर जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ शहरात एका वाद्यवृंदात होते. १९३३ साली नाझी सत्तेवर आले आणि ज्यू म्हणून त्यांना आणि त्यांच्या तीन मित्रांना एका ओळीच्या पत्राने काढून टाकण्यात आलं. पुढे ज्यूंनी फक्त ज्यूंपुढे वाजवायचं असं ठरलं. तसं तर तसं, म्हणून या चौघांनी आपली चौकडी केली. पहिलं व्हायोलिन यूलियसचं, व्हिओला फ्रांझची, चेलो मार्टिनचा आणि दुसरं व्हायोलिन मास्तरांचं. ज्यांना हे कळत नाही त्यांच्यासाठी सांगते: चाल पहिलं व्हायोलिन वाजवतं. दुसरं तिच्याखाली भरण घालतं, वाट बघतं, पडू देत नाही. त्याच्याकडे कोणाचं लक्ष नसतं.

१९३८च्या नोव्हेंबरात शहरातल्या ज्यू पुरुषांना धरून बुखेनवाल्डच्या छावणीत नेलं. तिथे पहारेकऱ्याने विचारलं, धंदा काय? मास्तर म्हणाले, व्हायोलिन. त्याने डावा हात दगडावर ठेवायला लावला आणि बुटाच्या टाचेने अनामिका आणि करंगळी मोडली. खरं बोलल्याचं एवढं रोख फळ मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. परदेशाचं तिकीट दाखवणाऱ्याला तेव्हा सोडत होते. मास्तरांना मुंबईचं मिळालं. बाकी तिघांना कुठलंच मिळालं नाही.

मुंबईत येऊन सहा-सात महिने झाले नाहीत तोच युद्ध लागलं आणि इंग्रजांनी त्यांना जर्मन म्हणून नगरच्या छावणीत टाकलं. शेजारच्या खाटेवर खरा नाझी होता. तो रोज रात्री यांच्या कानाशी शिट्टी वाजवायचा, आणि मास्तर म्हणत, बेसूर वाजवायचा हे जास्त वाईट होतं.

सुटल्यावर ते भायखळ्याला आमच्या घरी भाडेकरू म्हणून आले. मी तेव्हा रांगत होते. नऊवारी नेसणारी, मराठीत भांडणारी आणि शनिवारी चूल न पेटवणारी ही माणसं ज्यू आहेत, यावर त्यांचा पाच वर्षं विश्वास बसला नाही. आई म्हणायची, "मास्तर, आम्ही तुमच्यापेक्षा जुने." ते मान हलवून आमटी-भात खात.

युद्ध संपल्यावर याद्या आल्या. यूलियसला बायकोसकट लिथुआनियातल्या कौनासला नेऊन खंदकाच्या कडेला गोळ्या घातल्या होत्या. मार्टिन थेरेसिनश्टाटच्या छावणीत उपाशी मेला. फ्रांझ ऑशवित्झला. मास्तर त्या दिवशी कामावर गेले, संध्याकाळी आले आणि आईकडे चार कोऱ्या वह्या मागितल्या. यूलियसने रचलेलं एक काम ही चौकडी वाजवत असे. ते कुठे छापलेलं नव्हतं. मास्तरांनी ते आठवून लिहायला घेतलं, एकेका वाद्याची एकेक वही. अकरा वर्षं लागली.

मला त्यांनी सहाव्या वर्षापासून शिकवलं. स्वतः वाजवून दाखवता येत नसे. गाऊन दाखवत, आणि मी चुकले की सागवानी पट्टी बोटांवर बसे. म्हणत, "माझी दोन बोटं तुझ्या हाताला आहेत. नीट वापर."

१९५७ साली कळलं की ज्यांचं आयुष्यभराचं काम नाझींनी हिरावून घेतलं त्यांची जर्मनीतलं एक सरकारी कार्यालय दखल घेत आहे. मास्तरांनी अर्ज केला. पैशांसाठी असेलही, पण ते बोलत ते कागदाबद्दल. हाइनरिश लोवेन्थाल, व्यवसाय वादक, असं जर्मन सरकारच्या शिक्क्याचं लिहून हवं होतं. कार्यालयाने पुरावा मागितला. ब्रेस्लाऊचे कागद युद्धात जळाले होते. मग त्यांनी दोन साक्षीदार मागितले, १९३३ पूर्वी वादन ऐकलेले. मास्तरांनी तीन नावं कळवली आणि तिघांच्या मृत्यूच्या जागाही कळवल्या. उत्तर आलं, मृत व्यक्तींची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. वाजवून दाखवा. मास्तरांनी हाताचा एक्स-रे पाठवला. शेवटचं पत्र आलं: उत्तम विद्यार्थी हजर करावा, त्यावरून अर्जदाराचा दर्जा ठरवला जाईल. त्यासाठी मुंबईत एक अधिकारी नेमला आहे.

विद्यार्थिनी मी. वय अठरा.

आदल्या संध्याकाळी आईने विचारलं, "मास्तर, आमची पोर विलायतेला जाऊन मोठी वाजवणारी होईल ना?" मास्तर विचार करून म्हणाले, "सिपोरा दुसरं व्हायोलिन आहे. चांगलं दुसरं व्हायोलिन."

त्या माणसाच्या तोंडचं हे सगळ्यात मोठं कौतुक होतं. ते कळायला मला चाळीस वर्षं आणि दीड-दोनशे ठोंबे विद्यार्थी लागले. त्या रात्री मला एवढंच ऐकू आलं की बारा वर्षं पट्ट्या खाऊन मी दुय्यम. मी ताकाला तूर लागू दिली नाही. सकाळी वेणीत फूल घालून त्यांच्याबरोबर गेले आणि त्या अधिकाऱ्यासमोर मुद्दाम बेसूर वाजवलं. सगळं नाही. अनामिका आणि करंगळी जिथे पडतात तेवढेच स्वर, केसभर खाली. म्हणजे मास्तरांची मोडलेली दोन बोटं. ती मी दुसऱ्यांदा मोडली, आणि बूट न घालता.

अधिकाऱ्याने नम्रपणे आभार मानले.

आईने एलियाहू हन्नाबीला, आमच्या नवसाला पावणाऱ्या प्रेषिताला, मलिद्याचा नवस केला होता, अर्ज मान्य झाला तर. मी घरी येऊन सांगितलं, छान झालं. मग तिने निकालाची वाट न बघता त्याच संध्याकाळी ताट मांडलं: गूळ-खोबऱ्याचे पोहे, पाच फळं, वर गुलाबाच्या पाकळ्या. मास्तरांनी पोहे संपवले, पुन्हा मागून घेतले. आई आत गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "दुसरं व्हायोलिन चुकलं तर कोणाला कळत नाही म्हणतात. शेजारी बसणाऱ्याला कळतं."

अर्ज फेटाळला गेला. विद्यार्थिनीचा दर्जा पाहता अर्जदाराने व्यावसायिक शिक्षण घेतलं असावं असं वाटत नाही, हे कारण. त्यानंतर दोन वर्षं ते आमच्याच घरात राहिले आणि मला एकदाही पट्टी मारली नाही.

१९५९ साली मास्तर धर्मादाय वॉर्डात वारले. नोंदणीच्या कारकुनाने विचारलं, मयताचा व्यवसाय? बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, काही नाही. त्याने तसं लिहून घेतलं.

हे व्हायोलिन आणि गज मी गार्गीला देते. गार्गी माझ्याकडे चार वर्षं शिकली आणि पट्टीला कंटाळून बाराव्या वर्षी सोडून गेली. मी तिला थांब म्हटलं नाही. गेलीस तर जा म्हटलं. अट कलम ६ मध्ये आहे.

५. मी शपथेवर सांगते की हाइनरिश लोवेन्थाल हे वादक होते. १९५७ साली जे ऐकवलं गेलं ते त्यांचं शिकवणं नव्हतं, माझा दुष्टावा होता. माझ्या आजवरच्या सगळ्या कागदांत हा एकच कागद खरा आहे. मृत व्यक्तींची साक्ष ग्राह्य नसते हे मला माहीत आहे, म्हणून जिवंत असताना लिहिते. हे वाचलं जाईल तेव्हा मीही मृत असेन, पण तो प्रश्न कार्यालयाने सोडवावा.

६. वह्या. चार होत्या. गेल्या वर्षी माझं कंबरेचं हाड मोडलं आणि मी पाच आठवडे हॉस्पिटलमध्ये होते. तेवढ्यात सुबोधने माझा फ्लॅट आवरला. आईला वॉकर घेऊन फिरायला जागा हवी, हा त्याचा हेतू. वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याबरोबर त्याने तीन वह्या खाली आलेल्या करंग गुनीला, म्हणजे इथल्या रद्दीवाल्याला, देऊन टाकल्या. पहिलं व्हायोलिन, व्हिओला, चेलो.

मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ओल्ड पेपर ओन्ली, मा. नोबडी प्लेज ऑल्सो."

मग त्याने माझा चेहरा पाहिला. "इम्पॉर्टंट, आह? व्हाय यू नेव्हर टेल मी?"

मी सांगितलं नाही, कारण साठ वर्षं कोणालाच सांगितलं नव्हतं. पुढचे तीन दिवस हा साठ वर्षांचा माणूस सायकलवरून रद्दीची गोदामं धुंडाळत होता. हे त्याच्या बाजूने असलेलं मी लिहून ठेवते. वह्या मिळाल्या नाहीत.

चौथी वही व्हायोलिनच्या पेटीत अस्तराखाली होती म्हणून वाचली. ती दुसऱ्या व्हायोलिनची. यूलियसची चाल आता जगात कुठेही नाही. तिच्याखालचं भरण तेवढं आहे.

वही गार्गीला. अट अशी: तिने ती वही एकदा, परेशच्या समोर, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटीने वाजवावी. मधले सगळे विराम पूर्ण मोजावेत. एक विराम बत्तीस मात्रांचा आहे, तिथे मुळात चेलो गात असे. त्या बत्तीस मात्रा गार्गीने गज हातात धरून गप्प उभं राहावं. कोणी खोकू नये. वाजवता आली नाही तर तिला व्हायोलिन मिळणार नाही आणि ते तिच्या बापापेक्षा माझं जास्त पाप असेल.

७. क्वीन्सटाउनचा हा फ्लॅट, किंवा तो विकून जे येईल ते, मी माझा एकुलता एक मुलगा सुबोध याला देते. सागवानी पट्टीही त्यालाच देते. ती मास्तरांची. तिने मी चाळीस वर्षं या फ्लॅटमध्ये शिकवलं आणि सगळ्यात जास्त सुबोधच्या बोटांवर वापरली. त्याचा हात वाईट नव्हता. दहाव्या वर्षी त्याने पट्टी खिडकीतून खाली फेकली आणि मी त्याला आठ मजले उतरून ती आणायला लावली. आणल्यावर त्याच पट्टीने मारलं. तो आज ईस्ट कोस्टला कोंडोमध्ये राहतो, दर रविवारी सायकल चालवून झाल्यावर हॉकर सेंटरवरून, म्हणजे इथल्या खाऊगल्लीतून, माझ्यासाठी मुळ्याचा, गाजर नसलेला कॅरट केक आणतो आणि अर्धा तास बसतो. वाईट मुलगा नाही. तो वाईट असता तर मला हे सोपं गेलं असतं.

८. वरीलपैकी जी देणगी कोणत्याही कारणाने बाद होईल ती सगळी एकत्र करून परेशने युरोपातल्या अशा एखाद्या संस्थेला द्यावी, जी नाझींनी संपवलेल्या ज्यू वादकांची नोंद ठेवते. त्यांनी मास्तरांचं नाव लिहावं. नावापुढे 'वादक' लिहावं. यूलियस, फ्रांझ आणि मार्टिन यांचीही.

९. इथला कायदा असा की जो माणूस मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्या मृत्युपत्राखाली काहीही मिळत नाही. मृत्युपत्र टिकतं, त्याची देणगी बाद होते.

मी सुबोधला साक्षीदार म्हणून बोलावलं आहे.

परेश हे वाचून म्हणाला, "काकू, मुलगा नाही चालत साक्षीदार म्हणून."

मी म्हटलं, "चालतो. उत्तम चालतो."

"मग त्याला काहीच मिळणार नाही."

"पट्टीसुद्धा नाही. हातावर मिळाली तेवढी मिळाली."

"काकू, हा सूड आहे. आणि त्याच्यावर कशाला? तुमचा राग तुमच्यावर आहे."

बरोबर बोलला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, पण चावायचं तर ओठच सापडतो. सुबोधने तीन वह्या घालवल्या, मी माणूस घालवला. शिक्षा करायला मात्र माझ्या हाताशी सुबोधच आहे. परेश म्हणाला, मी यात नाही. शेवटी आमचं असं ठरलं. हा लेख मी सुबोधकडे उघड्या पाकिटात आठ दिवस देणार. त्याला सांगणार, वाच, नाहीतर कोणाकडून तरी वाचून घे. या शहरात मराठी वाचणारे पायलीचे पन्नास आहेत. मास्तरांच्या त्या अधिकाऱ्याने जेवढं ऐकून घेतलं त्याहून थोडं जास्त सुबोधने ऐकावं, एवढंच मी मागते आहे. त्याने वाचून घेतलं तर तो सही करणार नाही, त्याच्या जागी परेश करेल आणि फ्लॅट सुबोधचा होईल. तसं झालं तर मला आवडेल. हेही खरं आहे.

येथपर्यंतचा मजकूर रविवार, ३ ऑगस्ट २०२५ रोजी लिहून पाकिटात घातला.

आज रविवार, १० ऑगस्ट. पाकीट परत आलं आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या पानांच्या मध्ये मी गजाचा एक केस ठेवला होता. तो ठेवला तिथेच आहे.

सुबोध समोर बसला आहे. कॅरट केक टेबलावर आहे. कठड्यांवर अजून कालच्या राष्ट्रदिनाचे झेंडे आहेत. तो म्हणतो, "मा, स्टिल रायटिंग? सो लाँग, आह?" परेश दाराशी उभा आहे आणि माझ्याकडे बघत नाही. मिसेस लिम यांनी सही करायला चष्मा आणला आहे; त्या सहीने त्यांची कुंडीही बाद होईल, कढीपत्ता त्या तरीही तोडतील.

मी पेन खाली ठेवून सुबोधला विचारलं, "मी यात काय लिहिलंय ते तुला विचारायचं नाही का रे?"

तो हसला. माझा हात धरला, नेमका डावा, आणि म्हणाला, "युवर प्रायव्हेट थिंग, मा. आय ट्रस्ट यू, लाह. वेअर टू साइन?"

परेश म्हणाला, "काकू." एवढंच म्हणाला.

मी बोट ठेवून जागा दाखवली.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, शुद्धीवर राहून आणि काय करते आहे ते पूर्ण समजून केलं आहे. मी दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष सही केली आणि त्या दोघांनी माझ्या समक्ष केली.

(सही) सिपोरा श्रीराम बांदिवडेकर

साक्षीदार

१. (सही) लिम सिऊ हुआ, शेजारीण

२. (सही) सुबोध श्रीराम बांदिवडेकर, मुलगा

ठिकाण: क्वीन्सटाउन, सिंगापूर
दिनांक: १० ऑगस्ट २०२५